अग्रहक्काचा भाग : अग्र कोणापुढे?

अमेरिकेत १९६० च्या कायद्याने ‘रीट’ नावाची संस्था जन्मास आली. पुष्कळांचे पैसे एकत्र करून इमारती घ्यावयाच्या, भाडे वसूल करावयाचे आणि करपात्र उत्पन्नापैकी निदान ९० टक्के भागधारकांना वाटावयाचे, असा तिचा व्यवहार. काही रीट केवळ मॉल आणि बाजारसंकुले बाळगतात. त्यांच्या अग्रहक्काच्या भागांची दर्शनी किंमत बहुधा २५ डॉलर असते आणि त्यावर दर तिमाहीस ठरीव लाभांश मिळतो. ज्यांची मुले तिकडे नोकरीस आहेत अशी मंडळी आम्हांस विचारतात, “हे पेन्शनीसारखेच नव्हे काय?”

नव्हे. पेन्शन हे देणे आहे. लाभांश हे देणे नव्हे. कर्जरोख्याचे व्याज थकले तर धनको कोर्टात जातो. अग्रहक्काचा लाभांश मात्र संचालक मंडळ एका ठरावाने थांबवू शकते. भाग ‘संचयी’ असेल तर थकबाकी साचते, बहुधा बिनव्याजी, आणि ती फिटेपर्यंत सामान्य भागधारकाला काही देता येत नाही. सहा तिमाह्या थकल्या की बहुतेक करारांत दोन संचालक निवडण्याचा हक्क मिळतो. दीड वर्ष उपाशी राहिल्यावर दोन खुर्च्या!

कारखाना बुडाला म्हणजे रांगेत आपण कितवे, हे कामगाराला शिकवावे लागत नाही. आपल्याकडे १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांची देणी तारणवाल्या धनकोंच्या बरोबरीस आली. अग्रहक्काचा भागधारक मात्र सर्व धनकोंच्या मागे उभा असतो. त्याच्या मागे फक्त सामान्य भागधारक.

टेनेसीतील सीबीएल या मॉलवाल्या रीटचे पाहा. तिच्या एका अग्रहक्काच्या मालिकेवर ७.३७५ टक्के लाभांश होता. सीअर्ससारखी मोठी दुकाने बंद पडू लागली, भाडे आटले. डिसेंबर २०१९ मध्ये लाभांश थांबला, नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. वर्षाने ती बाहेर आली तेव्हा जुन्या अग्रहक्कवाल्यांच्या हाती नव्या कंपनीचा अगदी लहानसा वाटा पडला.

सीडर रीटची गोष्ट वेगळी आहे. तिची बाजारसंकुले किराणा दुकानांच्या आधारावर चालत. ती काही बुडाली नाही. २०२२ साली ती विकली गेली. सामान्य भागधारकांना दर भागामागे २९ डॉलर रोख मिळाले. अग्रहक्काचे भाग मात्र २५ डॉलर देऊन परत न घेता नव्या, कर्जबाजारी मालकाच्या पदरी तसेच ठेवले गेले आणि त्यांचा बाजारभाव कोसळला. म्हणजे ज्याच्या पुढे उभे राहावयाचे, तोच आधी पैसे घेऊन घरी गेला!

सात टक्क्यांचा भाग साडेबारा डॉलरला मिळत असेल तर उत्पन्न चौदा टक्के दिसते. वरचे सात टक्के म्हणजे बाजाराचा संशय. उलट तो २७ डॉलरला घेतला, तर पाच वर्षांची मुदत संपल्यावर कंपनी २५ देऊन परत घेऊ शकते. व्याजदर उतरले की ती तसे करते. चढले की करीत नाही, कारण मुद्दल फेडण्याची तारीख अशा बहुतेक भागांना नसतेच. तेव्हा भाडेकरू कोण, पुढे कर्ज किती, लाभांश संचयी की नाही आणि कंपनी विकली गेल्यास आपले काय, एवढे करारात वाचून मगच दलालाकडे जावे.