‘देवानंच पाठवलं’ म्हणता, मग पुढे?

समजा, तुम्ही दहिवलीत घरगुती जेवणाचा छोटासा व्यवसाय सुरू केलाय. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून फार्महाऊसवर येणारे पाहुणे, अधूनमधून एखाद्या साखरपुड्याची ऑर्डर. भांडवल म्हणजे आईचं स्वयंपाकघर आणि तुमचा मोबाईल. पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही कुणालाच ‘नेमलेलं’ नसतं, तरी चार माणसं जोडली जातात. शेजारच्या काकू भाकऱ्या थापायला येतात. मामेभाऊ बाईकवरून डबे पोचवतो. कॉलेजातली मैत्रीण इन्स्टाग्रामवर फोटो टाकते. आणि पावसाच्या तोंडावर रस्त्याकडेला रानभाजी विकणारी मावशी सांगते, ‘शेवळं नेतेस खरी, पण काकडं घातली नाहीस तर पाहुण्यांच्या घशाला खाज सुटेल.’ पुढच्या आठवड्यात मावशी तुमच्याच ओट्यापाशी उभी असते.

घरात आजी असेल तर ती हमखास म्हणते, ‘बघ, देवानंच पाठवलं हिला.’

तुम्ही हसता आणि कामाला लागता. पण आजीचं वाक्य इतक्यात सोडून देऊ नका. धंद्याच्या दृष्टीनंही त्यात बरंच काही आहे.

आपल्याकडच्या संतकथा आठवून बघा. त्यांत देव कामाला येतो, अगदी शब्दशः. सेना न्हावी पूजेत गुंतले असताना राजाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांची धोपटी घेऊन देवच हजामत करायला गेला. जनाबाईंबरोबर तो जात्यावर बसला. पैठणला एकनाथांच्या घरी ‘श्रीखंड्या’ या नावानं तो बारा वर्षं राहिला आणि गोदावरीचं पाणी वाहत राहिला. ते पाणी ज्यात भरलं जायचं तो रांजण आजही नाथांच्या वाड्यात दाखवतात. या तिन्ही कथांमध्ये देव पैशांची थैली घेऊन आलेला नाही. आलाय तो काम करणारे दोन हात घेऊन.

आणखी एक गोष्ट बघा. श्रीखंड्या देव आहे हे नाथांना ठाऊकच नव्हतं. कळलं, तेव्हा तो निघून गेला होता. म्हणजे बारा वर्षं नाथांनी त्याला मायेनं वागवलं ते तो देव आहे म्हणून नव्हे, घरात राबणारा माणूस आहे म्हणून. माणूस देवानं पाठवलाय की नाही हे तो येताना कळत नाही. त्याला आपण कसं वागवतो, हे मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या हातात असतं.

खूण कशी ओळखायची?

देवाचं मार्गदर्शन म्हणजे आकाशवाणी होईल अशी वाट बघायची नसते. बहुतेक वेळा ते साध्या सल्ल्याच्या रूपात येतं, आणि तो सल्ला आपल्याला नकोसा असतो.

‘लिज्जत’चं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. ते दिले छगनलाल पारेख यांनी. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितलं, पापड एकाच प्रतीचा करा, दर्जा उतरू देऊ नका, आणि हिशेब चोख ठेवा. हातात पैसा नसताना स्वस्त माल बंद करा असं सांगणारा माणूस कुणाला आवडेल? पण त्या बायकांनी ऐकलं. पुढे या संस्थेनं आपल्या कामाचे तीन पाये मानले: व्यवसाय, कुटुंब आणि भक्ती. भक्ती आहे म्हणून हिशेब ढिला, असं तिथे चाललं नाही. पापड लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण असते. नफ्यात तिचा वाटा, तोट्यातही. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

म्हणून तुमच्याकडे आलेल्या माणसाबद्दल एवढंच विचारा: याला असं काय माहितीय जे मला माहीत नाही? काकडं घालायला सांगणाऱ्या मावशीकडे अख्ख्या रानाचं ज्ञान आहे. तिला नुसती भाजी निवडायला बसवलंत, तर पाठवणाऱ्यानं पाठवूनही तुमच्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

देव नको म्हणता? तरी चालेल

‘आम्ही देव-बिव मानत नाही,’ असं म्हणणारेही तुमच्यात असतील. मग किर्लोस्करवाडी बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल स्टेशनजवळच्या निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. तिथे जमलेली माणसं कुठल्याही मुलाखतीत नापास झाली असती. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली होती; त्यांच्यातून कल्पक इंजिनीअर तयार झाला. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले दोघं जण वसाहतीचे विश्वासू राखणदार झाले. याला दैवी योजना म्हणा किंवा लक्ष्मणरावांची पारख म्हणा. आलेल्या माणसावर ‘बिनकामाचा’ असा शिक्का मारला गेला नाही, एवढं खरं.

पण जपून!

आता दुसरी बाजू. ‘देवानं पाठवलं’ हे वाक्य फार सोयीचं आहे. ते वापरून लोक चौकशी टाळतात, कागद टाळतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे पगार टाळतात. ‘काकू घरच्यासारख्याच आहेत, त्यांना काय पैसे द्यायचे?’ हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? काकूंच्या मनगटाला रोजच्या पन्नास भाकऱ्यांनी कळ लागते, आणि घरच्यासारखं म्हटल्यानं ती थांबत नाही.

मैत्रीण भागीदार असेल तर आणखी सांभाळा. लेखी काही ठरलेलं नसेल, तर १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार नफा-तोटा भागीदारांमध्ये सारखा वाटला जातो. कुणी किती घाम गाळला, हे तो कायदा मोजत बसत नाही. आणि धंद्याच्या कर्जाला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. तेव्हा मैत्री घट्ट असतानाच करारपत्र करून घ्या. भांडण झाल्यावर ते कुणालाच सुचत नाही. आणि पैशाचा घोळ करणारा, बायामुलींशी वेडंवाकडं वागणारा माणूस ‘देवानं पाठवलाय’ म्हणून ठेवून घेऊ नका. त्याला निरोप देणं हाही शहाणपणाचाच भाग आहे.

चांगली माणसंही जातात. मामेभावाला नोकरी लागेल, मैत्रिणीचं लग्न ठरेल. वाईट वाटेल, ‘ऐन वेळी सोडून गेले’ असंही वाटेल. अशा वेळी कर्जत स्टेशन आठवा. घाट चढणाऱ्या गाडीला तिथे मागून बँकर इंजिनं जोडतात. ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. घाट संपला की बँकर सुटतात आणि गाडी पुढे पुण्याला जाते. बँकरनं धोका दिला, असं कुणी म्हणत नाही. काही माणसं आपल्याकडे तेवढ्या घाटापुरतीच येतात. त्यांचा हिशेब चुकता करा, चार लोकांत त्यांचं नाव घ्या, आणि हसत निरोप द्या.

आज रात्री ऑर्डरची वही उघडली की शेवटच्या पानावर आतापर्यंत जोडल्या गेलेल्या सगळ्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी: यांनी मला काय दाखवलं, आणि मी यांचं काय देणं लागते किंवा लागतो. दुसऱ्या रकान्यात रक्कम आली, तर ती या शनिवारच्या आत देऊन टाका. आजीला वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही.