विश्लेषण : साथीत आरोग्य यंत्रणेचा निरोप घरापर्यंत का पोहोचत नाही?

गोवर असो, डेंग्यू असो की करोना. साथ आली की पत्रके निघतात, रिक्षावरचा भोंगा फिरतो, मोबाइलवर एक चौकोनी चित्र येऊन पडते. तरीही लसीकरण पथकाला काही दारे बंदच मिळतात. मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. कारण इथे ‘जनता’ एकच नाही.

शहर एक, श्रोते किती?

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांहून अधिक होती. भाईंदरमध्ये गुजराती-मारवाडी कुटुंबे, मीरा रोडच्या नया नगरात मुस्लिम वस्ती, उत्तन किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळी, काशीमिरा भागात आदिवासी पाडे. मराठी आणि उत्तर भारतीय कुटुंबे सगळीकडेच. सरकारी मराठीतले ‘लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा’ हे वाक्य यातल्या किती घरांत कळेल? (मराठी घरांतही ते कोणी बोलत नाही.) शिवाय हजारो जण सकाळीच लोकल पकडून मुंबईला जातात. अकरा वाजता आलेल्या आरोग्य सेविकेला भेटते ती आजी. आणि नातवाला सुई टोचायची की नाही, हे आजी एकटी ठरवत नाही.

गोवराच्या साथीत काय दिसले?

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो, त्यामुळे साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. म्हणजे थोडी घरे सुटली तरी फट पडते. या वस्त्यांमध्ये लस उपलब्ध होती, अडचण बरीचशी विश्वासाची होती. म्हणून घरोघरी सर्वेक्षणाबरोबर मौलाना आणि स्थानिक मंडळींची मदत घेण्यात आली. करोना लसीच्या वेळीही, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांतील संकोच दूर करण्यासाठी सलमान खानची मदत घेणार असल्याचे सांगितले होते. अभिनेत्याच्या चित्रफितीने लक्ष वेधले जाते, हे खरे. पण ‘माझ्या बाळाला आधीच सर्दी आहे, आज लस देऊ का?’ याचे उत्तर चित्रफीत देत नाही. ते गल्लीतल्या आशा सेविकेलाच द्यावे लागते.

हा अनुभव जुनाच आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी सैनिक घरांत घुसले. लोकांनी रुग्ण लपवले, संताप वाढला आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच काळात मुंबईत हाफकिन यांची प्लेगची लस जेमतेम १९ वर्षांच्या आगाखान यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतली आणि त्यांचे अनुयायी पुढे आले.

मग नेमके चुकते कुठे?

बहुतेकदा न सांगितलेल्या गोष्टीत. गोवर-रुबेला लसीनंतर साधारण ७ ते १२ दिवसांनी काही मुलांना सौम्य ताप किंवा पुरळ येते आणि आपोआप जाते. हे आधी सांगितले, तर आई निर्धास्त राहते. नाही सांगितले, तर आठवड्याने ताप आला की ‘लसीनेच गोवर झाला’ ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीत. त्या मुलाची दुसरी मात्रा तर जातेच, शेजारच्या चार मुलांची पहिलीही जाते. ‘लस पूर्णपणे सुरक्षित, अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे फलक म्हणूनच कुचकामी ठरतात. शंका विचारणाऱ्याला ते अफवा पसरवणाऱ्यांच्या रांगेत बसवतात.

इमारतींचा प्रश्न वेगळाच. फाटकावरच पथकाला ‘सेक्रेटरींची परवानगी आणा’ असे ऐकावे लागू शकते. तिथे भोंग्यापेक्षा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आदल्या दिवशी गेलेला निरोप उपयोगी: कोण येणार, किती वाजता, ओळखपत्र कसले, कोणत्या वयाच्या मुलांसाठी.

पालकांनी काय पाहावे?

घरातले लसीकरण कार्ड काढा. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांदरम्यान असते. चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती मोफत आहे. कार्ड हरवले असले तरी केंद्रात जा, आणि लसीनंतर काय होऊ शकते, हे तिथेच विचारून घ्या.