वणव्याच्या वाटेवरचं मचाण

सोनईच्या माणसाला आग म्हटली की ऊस आठवतो. लोंबत्या तारा घासल्या, ठिणगी पडली की उभा फड पेटतो. मग जळीत ऊस तोडणीला पहिला आणि भावाला शेवटचा. आगीची राखण हा कुणाचा पोटापाण्याचा धंदा असतो, हे मात्र मेळघाटात कळलं. संपादकांनी पाठवलं होतं बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर. पाणवठ्यापाशी रात्र काढायची, चांदण्यात येतील ती जनावरं मोजायची, सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. साग-बांबूचं हे रान उन्हाळ्यात पाचोळ्यावर उभं असतं. अमेरिकेत 1910 च्या महावणव्यानंतर डोंगरमाथ्यांवर टेहळणीच्या खोल्या वाढल्या; त्यातल्या काही डागडुजी करून आता रात्रीपुरत्या भाड्याने देतात. आपल्याकडे टेहळणी अजून नोकरीत आहे.

मचाणावरचा माझा सोबती कोरकू फायर वॉचर होता. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा त्याचा हंगाम. बिबट्यापेक्षा मला त्याच्या उलट्या आगीचंच कुतूहल. वणव्याच्या तोंडी उभं राहून तो विझत नाही. पुढे जाऊन, साफ केलेल्या जाळरेषेवरून दुसरी आग सोडायची. मोठी आग हवा आत ओढते, तशी ही तिच्याकडे सरकते. दोन्ही भिडल्या की जळायला काही उरत नाही. “पण घाई नाही करायची, भाऊ,” म्हणत त्याने पाचोळ्याचा चुरा बोटांतून सोडला. चुरा आगीकडे वळला तरच काडी ओढायची. नाहीतर आपलीच आग आपल्या अंगावर.

आता उपग्रह आगीचा ठिपका दाखवतो, मोबाईलवर संदेश येतो. पण तो ठिपका 375 मीटरच्या चौकोनाचा. आग नेमकी कुठल्या नाल्यात, ते पायांनीच शोधायचं. उपग्रह डोक्यावरून गेल्यावर लागलेली आग त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत दिसतच नाही.

आणि काडी बहुतेकदा माणसाचीच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पाचोळ्यात पडतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. “वेचणारी घरचीच माणसं. केस कुणावर करू?” वॉचर म्हणाला. तो स्वतः हंगामी, रोजंदारीवरचा. अशा गावाला कायद्याचा धाक दाखवून वणवे कमी व्हायचे नाहीत. झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं आणि पाला पेटवायचं कारणच उरत नाही. पर्यटकांकडून मचाणाचे जे पैसे घेतले जातात, त्यातून अशा किती जाळ्या येतील, हा हिशेब आधी मांडायला हवा.