फोनवर शिकणारा एकटा का पडतो? लेत्सेका आणि उबुंटू

उबुंटू म्हटलं की मला आधी फक्त कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम आठवायची. मग मोएकेत्सी लेत्सेका वाचले.

हे दक्षिण आफ्रिकेतले शिक्षणाचे तत्त्वज्ञ, युनिसा विद्यापीठातले प्राध्यापक. तिथलं मुक्त दूरशिक्षणाचं युनेस्को अध्यासनही त्यांनी सांभाळलं. युनिसा म्हणजे १९४६ मध्ये पोस्टाने शिकवायला लागलेलं विद्यापीठ. नेल्सन मंडेलांनी तुरुंगातून अभ्यास करून १९८९ मध्ये कायद्याची पदवी मिळवली, ती इथलीच.

पण सगळेच मंडेला नसतात ना! प्रवेश घेतलेली मुलं पदवीपर्यंत का पोचत नाहीत, यावरचं एक पुस्तक लेत्सेकांनी सहकाऱ्यांसोबत २०१० मध्ये संपादित केलं. घरची गरिबी हे त्यातलं मोठं कारण.

आणि इथे उबुंटू येतं. माणूस माणसांमुळेच माणूस होतो, असा हा विचार. टीकाकार म्हणायचे, हे जुन्या खेड्यापुरतं ठीक, आधुनिक देशात काय कामाचं? २०१२ च्या लेखात लेत्सेकांनी त्याची बाजू घेतली : ही नीतीची भक्कम चौकट आहे, सार्वजनिक धोरणातही चालेल. २०१६ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या पुस्तकात हाच विचार दूरशिक्षणाला लावलाय.

मला त्याचा अर्थ असा लागतो : स्वाध्यायावर नुसते मार्क टाकून परत पाठवणं आणि ‘इथे अडलास का? फोन कर’ असं लिहून पाठवणं, यात फरक आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, शिक्षक लागतात, म्हणजे पैसाही. तो कुणी द्यायचा, यावर भांडण अजून चालूच आहे.