तंत्रोद्योगाचे दार व एकट्याचे कर्तव्य

ज्या धंद्यात संगणक, दूरध्वनी व निरनिराळी स्वयंचलित यंत्रे यांची रचना होते, त्यास तंत्रोद्योग असे म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यातील पुष्कळ विद्यार्थी शाळा सोडल्यावर पुणे, हैदराबाद व बंगळूर येथील या उद्योगाकडे आशेने पाहतात. त्यासंबंधी ‘विविधता’ व ‘समावेश’ हे दोन शब्द अलीकडे वारंवार कानी पडतात. त्यांचा अर्थ काय, व त्या कामी तुमच्याआमच्यासारख्या एकट्यादुकट्या माणसास काय करता येईल, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

निरनिराळ्या घरांतून, जातींतून व भाषांतून आलेली स्त्रीपुरुष मंडळी एका ठिकाणी कामास असणे, ही विविधता. समावेश ही त्यापुढील पायरी होय. कचेरीत खुर्ची मिळणे ही एक गोष्ट. त्या खुर्चीवरून बोललेले ऐकले जाणे, चांगले काम वाट्यास येणे आणि वर चढण्याची सारखी संधी लाभणे ही दुसरी. पहिली असून दुसरी नसेल, तर तो माणूस फार दिवस टिकत नाही.

ही दारे पूर्वी कशी उघडली, हे पाहणे बोधप्रद आहे. १९३३ साली कमला भागवत या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर तरुणीने बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागितला. संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर पहिले वर्ष कसोटीचे, अशा अटीवर त्यांस घेण्यात आले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व पुढे इतर मुलींसही तेथे प्रवेश मिळू लागला. याच कमलाबाई सोहोनी १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या.

पुढे एक्केचाळीस वर्षांनी, १९७४ साली, त्याच संस्थेत शिकणाऱ्या हुबळीकडील एका विद्यार्थिनीने फलकावर पुण्याच्या टेल्को कारखान्याची जाहिरात वाचली. कारखान्यास तरुण इंजिनियर हवे होते. मात्र स्त्रियांनी अर्ज करू नये, असे खाली छापले होते. तिने एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि हा अन्याय थेट जे. आर. डी. टाटा यांस लिहून कळविला. काही दिवसांनी मुलाखतीस येण्याची तार आली, व प्रवासखर्चही कंपनीने दिला. ती विद्यार्थिनी त्या कारखान्यातील पहिली स्त्री इंजिनियर झाली. सुधा मूर्ती या नावाने आज सर्व देश तिला ओळखतो.

या दोन्ही हकीकतींत एक गोष्ट सारखी आहे. दार ठोठावणारी व्यक्ती धैर्याची होती, हे खरेच. परंतु दाराच्या आतही कोणीतरी होते, आणि त्याने आपलाच नियम पुन्हा एकवार तपासून पाहिला. ते पोस्टकार्ड केराच्या टोपलीत गेले असते, तर लिहिणारीचे धैर्य तिच्यापाशीच राहिले असते. बाहेरच्याने ठोठावीतच राहावे, ही त्याच्यावर टाकलेली सक्ती होय. आतल्याने उठून दार उघडावे, हे आतल्याचे कर्तव्य होय. आणि आपण सर्वच कोठल्या ना कोठल्या दाराच्या आत असतो.

कोणी म्हणेल, “यंत्रास जातही नाही व लिंगही नाही, मग तेथे हा विचार कशास?” त्याचे उत्तर असे, की यंत्र स्वतः काही जाणत नाही, माणूस जे दाखवितो तेच ते शिकते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या दोन विदुषींनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहूनही कमी होती. सावळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र एका यंत्रणेची चूक शेकडा ३४.७ पर्यंत गेली. अशी यंत्रे ज्या चित्रांवर शिकतात व तपासली जातात, त्यांत गोऱ्या पुरुषांचाच भरणा फार असे. करणाऱ्यांत ज्यांचा वाटा नाही, ते केलेल्या वस्तूतूनही गळतात, हा याचा बोध.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगावची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी तेथे गणना होते. मुले बरोबर गेली तर शाळेचे निम्मे वर्ष बुडते. त्यातही थोरली मुलगी असेल, तर कोपीवर राहून धाकट्यांस सांभाळण्याचे काम तिच्याकडे येते. हंगामी वसतिगृहांचा किंवा आजीआजोबांचा आधार मिळाला, तरच तिची शाळा टिकते. अशा घरातील मुलगी पदवी घेऊन मुलाखतीस बसते, तेव्हा तिच्या शेजारी लहानपणापासून घरी संगणक असलेला मुलगा असतो. दोघांची बुद्धी सारखी असेल. दोघांची वाट सारखी नव्हती. केवळ अस्खलित इंग्रजीवरून त्यांची निवड करणे, म्हणजे सोने तागडीत न घालता नुसत्या चकाकीवरून त्याचे मोल ठरविणे होय. आम्ही दयेची भीक मागत नाही. माप बरोबर असावे, एवढेच म्हणतो.

मग एकट्याने काय करावे? आरंभ शाळेतूनच व्हावा. संगणकाच्या वर्गात मुलांनी यंत्र हाताळावे व मुलींनी मागे उभे राहून पाहावे, ही रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. प्रत्येकाने आपली पाळी संपताच जागा सोडावी, व शिक्षकांनी यावर लक्ष ठेवावे. घरी एकच दूरध्वनी असेल, तर भावाने बहिणीस त्यावर अभ्यासाचा वेळ द्यावा, आणि तिला तो वेळ मिळावा म्हणून घरकामाचा वाटा स्वतः उचलावा.

जे माजी विद्यार्थी आज अशा उद्योगात आहेत, त्यांचे कर्तव्य अधिक मोठे. तेथे पुष्कळशा जागा ओळखीच्या शिफारशीने भरतात, आणि माणूस सहसा आपल्यासारख्याचीच शिफारस करतो. म्हणून ज्याची शिफारस करणारे कोणी नाही, अशा लायक उमेदवाराचे नाव आपण मुद्दाम पुढे करावे. मुलाखत घेण्याचा अधिकार हाती आल्यास सर्वांस तेच प्रश्न विचारावेत व काम करवून पाहावे. आडनाव, गाव यांवरून जात शोधण्याची खोड सोडावी, व दुसरा तसे करीत असल्यास त्यास तेथल्या तेथे थांबवावे. बैठकीत एखादीने मांडलेली कल्पना दुसऱ्याच्या नावे जाऊ लागली, तर ती मूळ कोणाची, हे स्पष्ट सांगावे. २०१७ सालच्या कायदादुरुस्तीपासून प्रसूतीसाठी सव्वीस आठवड्यांपर्यंत भरपगारी रजा मिळू शकते. परंतु रजेवरून आलेलीस हलके काम देऊ नये, हे पाहणे सहकाऱ्यांच्याच हाती आहे. तसेच, संगणकाच्या पडद्यावर चित्र घालताना त्याचे दोन ओळींचे वर्णन जोडावे. अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणारे साधन आहे, पण जे लिहिलेलेच नाही ते त्याने कसे वाचावे?

यांतील बहुतेक कामास पैसा लागत नाही व पदही लागत नाही. कायदे व सरकारी योजना हव्यातच. परंतु कायदा कचेरीच्या दारापर्यंत आणून सोडतो, आतला व्यवहार माणसेच करतात. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांस आज दार ठोठवावे लागेल. ते न डगमगता ठोठवा. उद्या तुम्ही आत बसाल. तेव्हा बाहेर कोणाची थाप ऐकू येते काय, याकडे कान असू द्या, आणि उठून दार उघडण्यास विलंब लावू नका.