गाईला हाडांचा चुरा का घालू नये?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुधावर पुष्कळांचा प्रपंच चालतो. गाय म्हणजे गवत, कडबा, पेंड खाणारे जनावर. पण ब्रिटनमध्ये काय केले, ते ऐका.

तिकडे कत्तलखान्यातली हाडे, आतडी शिजवून त्यांचा चुरा करीत आणि तो गाईंच्या खाद्यात मिसळीत. दूध वाढावे, एवढाच हेतू. सन 1986 मध्ये तिथे एक नवे दुखणे ओळखले गेले. गाय बुजे, लटपटे, शेवटी पडली की उठत नसे. पुढे एक लाख ऐंशी हजारांवर गाईंना हा रोग झाला. मेलेल्या गाईचा मेंदू पाहिला, तर अनारशासारखी जाळी पडलेली!

जंतू शोधले, ते सापडेनात. मग हे झाले कशाने?

डाळीत, दुधात प्रथिने असतात, तशी आपल्या अंगातही असतात. प्रथिन म्हणजे लांब धागा, ठराविक घडीत गुंडाळलेला. फेट्याचे पाहा ना. कापड तेच, नीट बांधले तर फेटा, नाही तर नुसता गुंता. मेंदूतले एक प्रथिन असेच चुकीच्या घडीचे होते. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाला भिडले, की तेही बिघडते. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध बदलते, तसे. मात्र विरजणात जिवंत जंतू असतात. इथे जिवंत काहीच नाही. म्हणून उकळले तरी हे मरत नाही. मरायला आधी जीव हवा! आम्हांलाही हे प्रथम खरे वाटले नव्हते. अमेरिकेतल्या डॉक्टर प्रुसिनर यांनी 1982 साली याला ‘प्रायॉन’ नाव दिले, तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञांचाही विश्वास बसेना. 1997 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजारी गाईचा चुरा इतर गाईंच्या पोटात गेला, म्हणजे विरजणच गावभर वाटले. 1988 साली तिकडे बंदी आली. पण हा रोग वर्षानुवर्षे अंगात मुरतो. 1996 साली कळले, की अशा गाईंचे मांस खाऊन माणसांनाही तो होतो. ब्रिटनमध्ये पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, त्यांत तरुण पुष्कळ. औषध अजून नाही.

भारतात गाईंना हा रोग आढळलेला नाही. तरी खाद्याच्या पोत्यावर काय काय घातले ते छापलेले असते, ते वाचून घ्या. आता वाचता येते ना! हाडांचे खत शेतात घालावे. ते पोते गव्हाणीपासून लांब ठेवावे.

याच जातीचा एक रोग माणसांना क्वचित आपोआपही होतो. वर्षाला दहा लाखांत एकादोघांना. माणूस विसरू लागतो, तोल जातो, बहुधा वर्षाच्या आत संपतो. लोक म्हणतात बाहेरची बाधा, आणि जवळ जात नाहीत. शिवल्याने, शेजारी बसून जेवल्याने हा रोग लागत नाही. अशा रोग्याला घास भरवायला मात्र माणूस लागते.