दूरच्या वचनाचा हिशेब

विमा कंपनी विमेदाराला जे विकते ते हाती घेऊन पारखता येत नाही. तिशीतल्या गृहस्थाला ती जे देते ते केवळ एक वचन असते, आणि त्या वचनाच्या पूर्ततेची वेळ कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी, त्या गृहस्थाच्या पश्चातच येते. इतक्या दूरच्या देण्यापोटी आज किती हप्ता घ्यावा आणि जमलेल्या रकमेपैकी किती राखून ठेवावी, याचा निर्णय ज्याच्या गणितावर अवलंबून असतो, त्याला ॲक्च्युअरी अथवा विमागणिती म्हणतात.

या गणिताचे मूलतत्त्व कोणालाही समजण्याजोगे आहे. चाळिशीतल्या १,००० माणसांनी एका वर्षासाठी प्रत्येकी १० लाखांचा विमा उतरवला आणि पूर्वानुभवावरून त्यांपैकी दोघे वर्षभरात दगावतील असा अंदाज निघाला, असे समजा. तर २० लाखांचे देणे हजारांत विभागून प्रत्येकाच्या वाट्याला २,००० रुपये येतात, आणि त्यांत कंपनीचा खर्च व प्रतिकूल काळासाठीची तरतूद मिळवून, व्याजाचे उत्पन्न वजा करून हप्ता ठरतो. हजारांपैकी कोण जाणार हे कोणीच सांगू शकत नाही. पण किती जाणार, हे पुष्कळ अंशी सांगता येते. ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो त्या एडमंड हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाऊ नगरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून जी सारणी सिद्ध केली, तिच्यातून हेच सत्य स्पष्ट झाले होते.

आपल्या देशात या शास्त्राला न्यायाचेही अंग लाभले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता वसूल करीत असता, १८७०च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी विमेदारांस सर्वसाधारण दराने विमा देऊ केला. पुढे १९१२च्या कायद्याने हप्त्यांचे दर आणि कंपनीचे नियतकालिक मूल्यांकन यांवर विमागणितीचा दाखला आवश्यक ठरवला, आणि या पेशाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

बारावीनंतर या मार्गाला लागता येते. २००६च्या कायद्याने स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ही संस्था प्रवेशपरीक्षा घेते. त्यानंतर संख्याशास्त्र, व्याजगणित, अर्थशास्त्र, जोखमीचे प्रतिमान अशा विषयांचे एकेक पेपर पार करीत विद्यार्थी प्रथम असोसिएट आणि शेवटी फेलो होतो. बहुतेक जण दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास असा क्रम वर्षानुवर्षे चालवतात. नापास होणे येथे लाजिरवाणे मानीत नाहीत, कारण पुष्कळ मान्यवर फेलोंनी एखादा पेपर पुन्हा दिलेला असतो. विशेष हे की, किचकट निष्कर्ष सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत लिहिता येतो की नाही, याचीही स्वतंत्र परीक्षा असते.

कंपनीत नव्याने रुजू झालेल्या उमेदवाराच्या वाट्याला बहुधा पॉलिसींच्या नोंदी तपासण्याचे काम येते. हे काम कारकुनी वाटले तरी क्षुल्लक नव्हे. एखाद्या विमेदाराचे जन्मसाल १९५८ असताना १९८५ नोंदले गेले, तर त्याचे वय सत्तावीस वर्षांनी घटते, आणि अशा चुका हजारो नोंदींत शिरल्या तर राखीव निधीचा सारा हिशेबच फसवा ठरतो. नोंदींवरून मूल्यांकन, मूल्यांकनावरून नव्या योजनेचा दर, आणि दरावरून संचालकांपुढे कैफियत मांडणे, अशा पायऱ्यांनी बढती होत जाते.

या पेशातील सर्वांत मोठा धडा मात्र एका नामांकित संस्थेच्या अधःपतनाने दिला. लंडनच्या ज्या इक्विटेबल सोसायटीने १७६२ साली स्थापन होऊन ॲक्च्युअरी हा हुद्दा विम्याच्या क्षेत्रात प्रथम वापरला, तिने विसाव्या शतकात अनेक विमेदारांना निवृत्तिवेतनाचे ठरावीक दर हमीपूर्वक देऊ केले. पुढे व्याजदर घसरले, माणसे अधिक जगू लागली, हमीचे ओझे वाढत गेले, त्या ओझ्यासाठी पुरेशी तरतूद झालेली नव्हती, आणि न्यायालयाने हमी पाळण्याचा निकाल दिल्यावर डिसेंबर २००० मध्ये संस्थेला नवे विमे घेणे बंद करावे लागले. गणित जाणणारी माणसे तेथे होती. म्हणजे केवळ गणित पुरत नाही.

म्हणूनच आज भारतातील प्रत्येक आयुर्विमा कंपनीला, विमा नियामक प्राधिकरणाच्या मान्यतेने, नियुक्त ॲक्च्युअरी नेमावा लागतो. नव्या योजनेच्या दरांवर त्याची सही लागते, आणि किमान १५० टक्के पतक्षमता, म्हणजे देणी भागवण्याची ऐपत, राखली जाते की नाही, यावर त्याला डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. विक्रीचे आकडे फुगवणारी पण पुढे झेपणार नाही अशी हमी पुढे आली, की वरिष्ठांची नाराजी पत्करून नकार देणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. या पेशात वेतन चांगले मिळते, प्रतिष्ठाही लाभते. परंतु आपल्या मुलाला वा मुलीला या मार्गाला लावू इच्छिणाऱ्या पालकांनी गुणपत्रिकेइतकेच त्यांच्या स्वभावाकडे पाहावे. चिकाटीने शिकणारे, स्वतःच्या गृहीतकांवर शंका घेणारे आणि योग्य वेळी ठामपणे नाही म्हणणारे मन ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच हाती लाखो कुटुंबांची पुंजी निर्धास्तपणे सोपवता येते.